नंबरचा चष्मा लागणारी हडळ

हडळीला नंबरचा चष्मा लागतो, हे मी जाहीरपणे लिहायला नको होतं.

मोताळ्याच्या एका शाळेत मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात; मी मोबाईलवर कमी खर्चातले भुताचे सिनेमे पाहतो. कमी म्हणजे किती, तर दार आपोआप उघडतं तेव्हा ते उघडणाऱ्याची बोटं दिसतात, इतका कमी खर्च. भुतांवर माझा विश्वास नाही आणि भुतांच्या सिनेमांवर त्याहून नाही; म्हणून तर मी ते बारकाईनं पाहतो. (विश्वास असला की माणूस नीट बघतच नाही.) पाहून झालं की 'शंकेखोर' या नावानं इंटरनेटवर चार रोखठोक ओळी लिहितो. 'बंगला शापित आहे की नाही सांगता येत नाही, संवाद मात्र नक्की आहेत.' 'या सिनेमात तिघे मरतात. सुटले.' 'मांत्रिकाच्या मनगटावर घड्याळ होतं. किती वेळ उरलाय ते मी त्यातच पाहत होतो.' मला अकरा वाचक आहेत. त्यातला एक मीच असावा, असा मला संशय आहे.

शंकेखोर म्हणजे मी, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. इथवर सगळं सुरळीत होतं. मग माझ्या मेव्हण्यानं सिनेमा काढला.

विलास सुलतानपूरला शेती करतो. माझ्या बायकोचा, कुंदाचा, तो एकुलता भाऊ. आईवडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे विलासच. त्यानं स्वतःच्या शेतातल्या विहिरीवर हडळीचा सिनेमा काढला, आणि बाहेरची कुठलीच बाई हडळ व्हायला तयार होईना म्हणून बायकोलाच, म्हणजे रेखावहिनींनाच, केस तोंडावर सोडून उभं केलं. चेहरा दिसतच नव्हता, त्यामुळे नाव गुप्त. नामावलीत 'हडळ : स्वतः' एवढंच.

चित्रीकरणाला मी गेलो होतो. जावई म्हणून मला खुर्ची मिळाली, सरबत मिळालं आणि वहिनींचा चष्मा सांभाळायचं काम मिळालं. चष्म्याशिवाय वहिनींना चार हातांपलीकडचं दिसत नाही. एकदा तर त्यांनी नायकाला सोडून शेजारच्या कडुनिंबाला इतकं घाबरवलं की नायकालाच शेवटी "वहिनी, मी इकडं आहो" म्हणावं लागलं.

सिनेमा इंटरनेटवर आला. कुंदाला भुताचं पाहवत नाही, तरी भावासाठी ती पूर्ण सिनेमाभर मोबाईलसमोर डोळे मिटून बसली. मी उघडे ठेवून बसलो, आणि शंकेखोराला राहवलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी विलास आमच्या दारात. जयभीम घातला, पाणीही न पिता मोबाईल माझ्यापुढे धरला.

"भाऊजी, तुमी एवढी पुस्तकं वाचेल मानूस. सगळ्यायवर संशय घेता. मले हा शंकेखोर शोधून द्या."

शोधून काय करणार, असं मी विचारलं. आवाज जमेल तितका सरळ ठेवला.

"काईच नाई. त्याच्या घराची पायरी मी जिंदगीत चढनार नाई, अन् माह्या घराची त्याले चढू देनार नाई."

कुंदा तिथंच तांदूळ निवडत होती. तिचं माहेर त्या क्षणी माझ्या जिभेवर टांगलेलं होतं, हे तिला बिचारीला माहीत नव्हतं.

मी तपास हाती घेतला. दुसरं काय करणार? विलासनं पुरावा मांडला : हडळ कोण हे बाहेर कुणालाच माहीत नाही, मग तिला चष्मा लागतो हे या माणसाला कसं कळलं? म्हणजे तो त्या दिवशी विहिरीवर हजर होता. मी कपाळाला आठ्या घालून कॅमेरावाल्याचं नाव सुचवलं.

"तो?" विलास म्हणाला. "तो त 'हो' बी अंगठा पाठवून सांगते. अन् चष्मा कुठी होता बरं त्या टायमाले?"

खुर्चीवर असेल, मी म्हणालो. (खुर्चीवर मी होतो, चष्मा माझ्या खिशात. खोटं असं काहीच बोललो नव्हतो.)

तेवढ्यात कुंदा म्हणाली, पुढं काय लिहिलंय ते तर वाच. विलासनं वाचलं : "हडळीपेक्षा हडळीच्या साडीची भीती जास्त वाटते. जांभळ्या रंगावर पोपटी कोयऱ्या, आणि प्रत्येक कोयरीत डोळ्यासारखी एकेक टिकली. दोन तास त्या टिकल्या माझ्याकडे पाहत होत्या." मग तो अडखळला आणि गडबडीनं खालच्या ओळीवर गेला.

कुंदाचे हात थांबले. "कोन्ती साडी? दाखव बरं."

माहेरासाठी तिनं पहिल्यांदाच डोळे उघडून हडळ पाहिली.

"हे त मी रेखाले घरभरनीत दिली होती. माह्या आहेराची साडी तू हडळीले नेसवली?"

"ताई, तिनं जपूनच ठेवली होती. एकदाबी नेसली नाई, इतकी जपली. पन पाहताबराबर धडकी भरली पाह्यजे असं घरात दुसरं काई सापडेच ना."

वारं फिरलं होतं! आता पंधरा मिनिटं मी नुसता गप्प बसलो असतो, तर शंकेखोराला सगळे विसरले असते. पण लिहिणाऱ्या माणसाचा एक रोग असतो. विलासनं गाळलेलं वाक्य माझ्या सबंध लिखाणातलं सर्वात चांगलं होतं, आणि ते कुणी ऐकलंच नव्हतं.

"मधलं एक राहिलं," मी म्हणालो. "'ज्यानं ही साडी निवडली, त्याच्या डोक्याची चौकशी व्हावी.'"

मोबाईल माझ्यापासून दहा हात लांब होता.

दोघंही माझ्याकडे पाहत होती, त्या टिकल्यांसारखी. विलासचं तोंड उघडलं. पण आधी बोलली कुंदा.

"घरभरनीच्या वक्ती मी तापानं पडली होती. मोताळ्याच्या बाजारातून साडी कोनं आनली होती?"

मी आणली होती. एकट्यानं, दहा मिनिटांत, दुकानदारानं "आणखी दाखवू का" विचारल्यावर "काही गरज नाही" म्हणून.

"झाली चौकशी," कुंदा म्हणाली, आणि उठताना भावाला म्हणाली, "पायरी चढनार नाई म्हने. चढून त बसला. आता जेवूनच उतर."

विलास जेवला. आधी रागानं, मग नुसताच, आणि शेवटच्या भाकरीला हसू न आवरून.

आता त्याच्या सिनेमाचा दुसरा भाग होतोय. नामावलीत माझं नाव आहे : वेशभूषा. विलासनं सूचना एकच दिली आहे.

"भाऊजी, काई डोकं लावू नका. ताईसाठी आनता तशीच साडी आना."