हॉलच्या भिंतीवरचे ठिपके

रबाळ्याच्या आमच्या लॅबमध्ये मी दिवसभर वस्तू फुटायची वाट बघते. पगारच त्याचा मिळतो. धातूच्या पट्टीला पांढरा रंग मारायचा, त्यावर काळे ठिपके उडवायचे, पट्टी यंत्रात ताणायची आणि समोरून कॅमेऱ्याने फोटो काढत राहायचं. कुठला ठिपका किती सरकला ते कॉम्प्युटर शोधतो. भेग पुढे जाणार असेल, तर तिच्या टोकापाशी पडद्यावर आधीच लाल डाग उमटतो. आणि ठिपके कशाने उडवतो? जुन्या टूथब्रशने. एवढा महागडा कॅमेरा, आणि त्याच्यापुढे दात घासायचा ब्रश!

माझ्या सासूबाई आमच्याकडे खारघरला आल्या, त्या घणसोली गावातल्या त्यांच्या घराला भेगा पडल्या म्हणून. “भेगा पडलेल्या घरात माझी आई राहणार नाही,” असं नवऱ्याने ठणकावून सांगितलं होतं. डागडुजी तीन महिन्यांत आटोपली, तरी हा पठ्ठ्या त्यांना परत सोडेना. रोज नवं निमित्त. गावात त्या नुसत्या दारात बसल्या की अख्खी आळी गप्पा मारून जायची. इथे चौदाव्या मजल्यावर बोलणार कोणाशी, लिफ्टशी?

मग एक दिवस हॉलमध्ये, त्यांच्या खाटेमागच्या भिंतीला भेग सापडली. सापडली सासूबाईंनाच.

“बग, तुजं पन घर फुटतंय,” त्या लेकाला म्हणाल्या. “भेगा परलेल्या घरान मी कशी रावू?”

“प्लॅस्टर आहे गं आई. टेन्शन नको घेऊ.”

पण भेग दर आठवड्याला रुंद व्हायला लागली, आणि टेन्शन त्यालाच आलं. कोणीतरी इंजिनिअर बोलवूया म्हणाला. माझं डोकंच फिरलं. घरात बायको भेगांवर पोट भरते, आणि हा बाहेरून माणूस आणणार!

रविवारी मी भिंतीला पांढरा रंग फासला आणि ब्रशने ठिपके उडवले. सासूबाई खाटेवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या.

“भिंतीला गोवर आलाय का गो?”

“उपचार चाललेत, आई.”

मोबाइलचा स्टँड ठेवायची जागा फरशीवर खुणा करून पक्की केली. चार रविवार फोटो काढले आणि लॅबच्या कॉम्प्युटरवर टाकले. बघते तर भेगेची दोन्ही टोकं जागच्या जागी. दोन्ही बाजूंचे ठिपकेही एकमेकांपासून सरकलेले नाहीत. फक्त भेगेच्या काठावरचे ठिपके गायब, तेही वीतभर पट्ट्यात. घरी येऊन उंची मोजली. खाटेवर बसलेल्या माणसाचा हात आरामात पोचेल एवढी. खाटेखाली वाकले तर पांढरी भुकटी. आणि पानाच्या डब्यातल्या अडकित्त्याच्या टोकाला चुना नव्हता, आमचा नवाकोरा रंग होता.

मला हसू आवरेना. दोन दिवस मी गप्प बसले, कारण खरं सांगितलं तर त्या जातील. मला त्या हव्या होत्या. पण मग त्यांना खिडकीशी एकटं बसलेलं पाहिलं.

जेवताना मी जाहीर केलं, “भिंतीला काही झालेलं नाही. पण आई इथे राहिल्या, तर भिंत राहणार नाही.” आणि अडकित्ता नवऱ्याच्या ताटाशी ठेवला.

तो आधी खो खो हसला. मग म्हणाला, “आई, एवढं जायचं होतं तर मला सांगायचंस ना.”

“तुला सांगून थकले,” त्या म्हणाल्या. “म्हनून भिंतीला सांगितला.”

नवऱ्याने मान खाली घालून भात संपवला आणि उठून त्यांची पिशवी काढली.

दुसऱ्या दिवशी निघताना त्या माझ्या कानाशी आल्या. “तुजा क्यामेरा लय चुगलखोर हाय.” अडकित्ता मात्र मुद्दाम विसरून गेल्या. “परत यावा लागला तर असू दे,” म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मी सवयीने फोटो काढला. एकही ठिपका हलला नव्हता. भिंतीने एवढं शहाण्यासारखं वागावं, याचा मला भयंकर राग आला.