तिच्या संगणकासाठी जुनं कार्ड

बायको गेल्यानंतर चौथ्या महिन्यात तिच्या संगणकातलं ग्राफिक्स कार्ड जळालं. हिंजवडीच्या ऑफिसातून आली की ती मारुंजीच्या आमच्या फ्लॅटमध्ये शेतीचा एक खेळ खेळत बसायची. नांगरट, पेरणी, मेंढ्या. मी शेजारी पुस्तक वाचत असे. ती गेल्यावर संगणक मी रोज चालू करून बंद करायचो, खेळ मात्र उघडला नव्हता. आता कार्डाशिवाय पडद्यावर बाकी सगळं दिसे, खेळ तेवढा उघडेना. आणि नेमकं तेव्हाच, तिनं शेत कुठवर आणलं होतं ते मला पाहावंसं वाटू लागलं.

तिचा संगणक लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतो. त्याचा अर्थ ती असताना मी कधी विचारला नाही. आता इंटरनेटवर वाचू लागलो. एका कंपनीचं कार्ड चालवणारा प्रोग्राम म्हणे लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, दुसरीचा वेगळा घालावा लागतो. तरी दुसरीचंच घ्या, असंही कुणी ठासून सांगत होतं. दोन दिवसांनी मी संगणक घेऊन दुकानात गेलो आणि पहिल्या कंपनीचं सगळ्यात नवं कार्ड मागितलं. नवं आहे म्हणजे चालेलच, असं मी धरून चाललो होतो.

दुकानदार मूळचा भरे गावचा. कार्ड बसवताना म्हणाला, "गेम खेळायचा, अन् त्योबी लिनक्सवर? सर, तुमी लग्नाला जाऊन उपाशी बसणारं माणूस दिसताय."

घरी आल्यावर खेळ उघडला नाही. योग्य कार्ड सापडलं नाही, असा संदेश आला. संगणक रिक्षात घालून मी पुन्हा दुकानात गेलो.

"कार्ड लई नवं हाय, सर. सिस्टिम त्याच्या आधीची. तिला ह्ये वळखताच यीना. अपडेट मारू?"

"सगळं आहे तसं राहील?"

"गेम ऱ्हाईल. बाकी थोडं इकडचं तिकडं व्हईल."

तिनं लावलेलं काही इकडचं तिकडं होऊ द्यायला मी तयार नव्हतो. काहीच न सुचून तिथूनच माझ्या थोरल्या बहिणीला फोन केला.

"वर्षाच्या आत घरात नवी वस्तू आणायची नसते," ताई म्हणाली. "एवढी पुस्तकं वाचतोस, हे कुठे लिहिलेलं नव्हतं का?"

"आणि वापरलेली?"

"वापरलेली चालेल बहुतेक. पण कसलं कार्ड म्हणालास? रेशनचं का?"

मी दुकानदाराकडे जुनं, वापरलेलं कार्ड मागितलं.

"अख्खं गाव नवं मागतंय अन् तुमी..." माझ्याकडे पाहून त्यानं वाक्य तिथंच सोडलं आणि नवं कार्ड काढून जुनं बसवलं.

या वेळी घरी खेळ उघडला. अर्धं शेत नांगरलेलं होतं आणि ट्रॅक्टर मधोमध उभा होता. नांगराची तासं सरळ होती, तिच्या अक्षरासारखी. मला नुसतं पाहायचं होतं. मेंढ्या दिसतात का म्हणून एक बटण दाबलं, तर ट्रॅक्टरच पुढे निघाला. थांबवता येईना. त्याच्या मागे एक वाकडं तास उमटत गेलं, आणि तो कुंपणाला टेकला. पडद्याच्या कोपऱ्यात खेळ सेव्ह झाल्याची सूचना आली.

तिचं शेत मी बिघडवलं की पुढे नांगरलं, ते मला ठरवता येईना. अर्धं शेत अजून उरलं होतं. ट्रॅक्टर मागे कसा घेतात, ते मी शोधू लागलो.