कुसळं सुटायच्या आत

मला एका जागी बसवत नाही. कंपनीत खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे, तरी तासाभरात दोनदा उठून मी पार्किंगपर्यंत चक्कर मारून येतो. बायको म्हणते, तुमच्या घराण्यात सगळे मेंढरांमागं चालले, तुमचे पाय अजून थांबायला शिकलेले नाहीत. ती चेष्टेनं म्हणते. गेल्या दिवाळीपासून मात्र ही चेष्टा मला लागते, आणि का लागते ते तिलाही माहीत आहे.

आमचं घर मूळचं मेंढपाळांचं. वडिलांनी विहीर पाडली, कांदा लावला आणि काठी खुंटीला टांगली. धाकट्या चुलत्यांनी, म्हणजे आप्पांनी, मेंढरं सोडली नाहीत. पन्नासेक मेंढरं, एक घोडी, दोन कुत्री असा त्यांचा संसार. मी शिकलो आणि शिरूरजवळच्या एका कारखान्यात पर्यावरण विभागात लागलो. नाव भारदस्त आहे. काम म्हणजे सांडपाण्याची रजिस्टरं भरायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर वृक्षारोपण घडवून आणायचं.

तीन वर्षांपूर्वी साहेबांनी विचारलं, तुमच्या भागात मोकळी जागा आहे का, हजार झाडं लावायची आहेत. मी क्षणाचाही विचार न करता आमच्या गावावरचा माळ सांगितला, कवठे येमाईच्या रस्त्याचा. गावानं होकार दिला. अर्जात एक रकाना होता: जागेवर सध्या काय आहे? मी लिहिलं, काही नाही. हे मी लिहिलं, ज्यानं सगळं लहानपण त्याच माळावर मेंढरांच्या मागं उताणं पडून काढलं. तिथं गवतं होती: पवन्या होता, मारवेल होतं, कुसळी होती. पावसाळ्यात खालची सगळी रानं पेरलेली असतात, मेंढराला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा चार महिने आमची मेंढरं त्याच माळावर जगत आली होती. पण शाळेच्या भिंतीपासून ऑफिसच्या कॅलेंडरपर्यंत मला सगळ्यांनी झाडच शिकवलं होतं. गवत कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून ते मला दिसलंच नाही.

खड्डे खणायला जेसीबी आला त्या दिवशी आप्पा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. म्हणाले, "आरं, ह्यो माळ रिकामा न्हाई."

मी त्यांना ऑक्सिजन समजावून सांगितला. अगदी हातवारे करून. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् गवत काय करतं मग? त्ये नुस्तं बसून ऱ्हातं व्हय?"

जमलेली मंडळी हसली. मीही हसलो. त्या हसण्याची आज चीड येते. पण तेव्हा मी साहेबांच्या शेजारी नवा शर्ट घालून उभा होतो आणि फोटो निघत होते.

माळाला तारेचं कुंपण पडलं, फाटक बसलं. कुलपाची किल्ली माझ्याकडे आली. वड, पिंपळ, कडुनिंब, सगळी देशी झाडं आम्ही लावली, पण खाली हातभर मुरूम आणि मग खडक. टँकरनं पाणी घालूनही तीन वर्षांत ती कमरेच्या वर गेली नाहीत. रुसलेल्या पाहुण्यांसारखी ओळीनं उभी आहेत. आप्पांची मेंढरं मात्र रस्त्यावर आली. डांबरी रस्त्याच्या कडेनं, ट्रकच्या हॉर्नमध्ये, दोन उसांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत चरायची. एकदा मांडवगण फराट्याच्या बाजूला एका बांधावर तणनाशक मारलेलं होतं, ते आप्पांना कळलं नाही. संध्याकाळपर्यंत सहा मेंढ्या गेल्या. आप्पा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं.

मग गेली दिवाळी आली. आमच्यात दिवाळीला मेंढरांच्या वाड्यावर पूजा करतात. शेणाच्या गोवऱ्या पेटवून नव्या मडक्यात मेंढीचं दूध तापवायचं आणि उतू जाऊ द्यायचं. दूध ज्या बाजूला ओघळेल त्या बाजूला मेंढरं आधी न्यायची, तिकडं चारा आणि बरकत. लहानपणी आम्ही पोरं पैजा लावायचो. आता आम्ही चार माणसं होतो. दूध फसफसत वर आलं आणि माळाच्या बाजूला सांडलं. सगळ्यांना तिथून कुंपण दिसत होतं.

आप्पा म्हणाले, "दुधाला तारंचं काय कळतंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात आले. चहाला बसले नाहीत. म्हणाले, "पंधरा दिस फाटक उघड. ह्या साली पाऊस लांबला, गवात आजून कवळं हाय. बऱ्याच मेंढ्या गाभण हायेत, त्यांच्या पोटात चार घास पडले तर निभतील. मी म्होरं उभा ऱ्हातो. झाडाला कुणी तोंड लावलं तर माझी काठी हाय. पर कुसळं सुटायच्या आत. एकदा कुसळं सुटली की त्ये गवात न्हवं, सुया. तोंडात टोचत्यात, लोकरीत घुसत्यात. मग उपेग न्हाई."

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तर मेंढरं देऊन टाकीन. उपाशी गाभण जनावराच्या डोळ्याकडं मला आता बघवत न्हाई."

मी म्हणालो, साहेबांना विचारतो. आप्पा म्हणाले, इच्यार.

तिथून माझी जी उलघाल सुरू झाली ती सांगून खरी वाटणार नाही. मी मेल लिहिला आणि पाठवला नाही. साहेब म्हणतील, हा आपल्याच चुलत्यासाठी कंपनीची जागा मागतोय. दुसऱ्या दिवशी मेलमधून 'चुलते' काढून 'स्थानिक पशुपालक' घातलं, मग तेही खोटं वाटलं. केबिनच्या दारापर्यंत जायचो, आत कुणी बसलेलं असलं की हायसं वाटायचं. परतून रजिस्टर उघडायचो. संध्याकाळी गाडी काढून माळावर जायचो, कुंपणाबाहेरून गवत बघायचो. तुरे तांबूस होत चालले होते. घरी येऊन जेवायचो, उठायचो, अंगणात फेऱ्या मारायचो. आप्पा रस्त्यात दिसले की मी लांबूनच हात करून म्हणायचो, "सांगितलंय साहेबांना!" सांगितलेलं नव्हतं. साफ खोटं बोलत होतो, आणि ज्यांनी मला खांद्यावर बसवून अर्धा तालुका फिरवला त्यांच्याशी.

सोळाव्या की सतराव्या दिवशी साहेब कॅन्टीनमध्ये एकटेच सापडले आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ते डाळभात कालवता कालवता म्हणाले, "अरे, बस इतनी सी बात? खोल देना था ना. चाबी तो तुम्हारे ही पास है."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. गाडी कशी चालवली आठवत नाही. आधी माळावर गेलो, फाटक सताड उघडलं आणि आत पाऊल टाकलं तर पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली. तसाच वाड्यावर गेलो. वाड्याची जाळी गुंडाळून ठेवलेली होती. घोडी होती, कुत्री होती. दौंडकडचे पाहुणे टेम्पो घेऊन आले होते, मेंढरं सकाळीच गेली, असं चुलतीनं सांगितलं. आप्पा बाजेवर बसून मोकळ्या जागेकडं बघत होते. मी फाटक उघडल्याचं सांगितलं.

"बरं झालं," एवढंच ते म्हणाले.

पुढं थंडीत गवत वाळून कडक झालं. कुणाची विडी पडली तर सगळी झाडं जातील, म्हणून प्रत्येक झाडाभोवतीचं गवत काढायचा हुकूम आला. गावात रोजगाराला माणूस मिळेना. एका सकाळी मी फाटकाशी गेलो तर आप्पा खुरपं घेऊन आत बसलेले. हजेरीच्या वहीत त्यांनी स्वतःच अंगठा उठवला होता.

"आप्पा, तुम्ही नका," मी म्हणालो.

"का? घरी बसून काय करू? आन् ह्ये काम दुसऱ्याला जमायचं न्हाई. वरनं कापलं तर पवन्या परत फुटतो. त्यो कायमचा कसा जातो, ह्ये मेंढरंवाल्यालाच ठावं."

मला तिथं उभं राहवेना आणि निघूनही जाता येईना. शेवटी मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो आणि गवताचा एक ठोंब धरून ओढला. नुसती पाती हातात आली.

"तसं न्हाई," आप्पा म्हणाले. त्यांनी माझी मूठ आपल्या हातात घेतली आणि जमिनीलगत खाली सरकवली. "पार बुडात धर. आता पीळ दे. हां, आता वढ."

ठोंब मुळासकट उपटून आला. मुरमात खड्डा पडला.

"जमलं की तुला," आप्पा म्हणाले, आणि पुढच्या झाडाकडं सरकले.