कोळशाची गाय

मी एकदा चित्रातल्या गायीला दूध पाजलं, तेही मलईचं. नातवंडं आता "ईऽऽ, ग्रॅनी!" करतात, पण इतकी बावळट बाई तेव्हा अख्ख्या बहरीनमध्ये दुसरी नसावी.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. नवरा हॉटेलात, मी इस्पितळाच्या रिसेप्शनवर. संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गाला जायचे, कपाळावर उगाच एक बट सोडून. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, दिसतं ते काढू नका, वाटतं ते काढा, याला एक्स्प्रेशनिझम म्हणतात. एका शुक्रवारी त्यांनी आम्हाला बुदैया गावाकडच्या खजुराच्या वाडीत नेलं. तिथे गाय होती. गुडघ्यापर्यंत शेणात, डोळ्यांना माश्यांची झालर, नाकातून शेंबडाची तार लोंबतेय. मी रुमाल नाकाला लावला. वसईच्या गोठ्यात वाढलेली मी, पण हातात पर्स आल्यापासून नाक भारी नाजूक झालेलं. ती सगळी किळस मी कोळशाने कागदावर ओकली. पाठीचा कणा करवतीसारखा, सड सुजलेल्या बोटांसारखे, डोळा म्हणजे नुसतं काळं भोक. बाई खूश. प्रदर्शनात लावू म्हणाल्या.

घरी नवऱ्याने कागद उभा धरला, आडवा धरला.

"मोडकी खाट आहे का गं?"

"गाय आहे."

"कुठून?"

तेव्हाच ठरवलं, प्रदर्शनात चार लोकांसमोर याच्या तोंडून 'गाय' वदवून घ्यायचं.

कोळसा पुसला जाऊ नये म्हणून बाईंनी त्यावर साय काढलेलं पातळ दूध फवारायला सांगितलं होतं. पण वसईला आमच्या घरचा दुधाचे रतीब घालायचा धंदा. दुधात पाणी म्हणजे फादरपुढे कबूल करायचं पाप! मी डब्यातली मलईच्या दुधाची पावडर दाट कालवली, इस्त्रीच्या पाण्याच्या बाटलीत भरली आणि कागद थबथबेपर्यंत मारली. चित्र ईसा टाउनच्या एका हॉलमध्ये टांगलं गेलं. मे महिना. दोन दिवस हॉल बंद, एसीही बंद.

शुक्रवारी दार उघडलं तर आंबट भपकारा. गायीच्या पोटावर हिरवी बुरशी, सडांवर मुंग्या, कोपऱ्यात एक झुरळ निवांत चाटत बसलेलं. एका पोराने तिथेच उलटी केली. बाई रुमालाआडून नुसत्या "माय गॉड, माय गॉड". आणि मी लिपस्टिक लावून शेजारी उभी!

गर्दीतून नवरा आला, नाक चिमटीत धरून. चित्रासमोर थांबला. चिमूट सोडली, वाकून हुंगलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता ओळखली गं बाय. गायच आहे."