वास सुटलाय

काल दुपारी माझी विद्यार्थिनी केबिनमध्ये शिरली आणि तिच्या पाठोपाठ सडक्या अंड्यांचा वास आला. प्रथिनांची घडी मोडायला आम्ही जे रसायन वापरतो त्याचा तो वास. एकदा अंगाला लागला की साबणालाही दाद देत नाही. पीएचडीच्या दिवसांत एका संध्याकाळी हाच वास घेऊन मी नेरूळच्या आमच्या सोसायटीत शिरले, आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या साताऱ्याच्या काकूंनी "गॅस लीक झालाय!" असं ओरडून अख्खी विंग खाली उतरवली. कुकर बंद करून धावत आलेल्या बायकांसमोर मला कबूल करावं लागलं, "काकू, गॅस नाही, मीच आहे." पेशीतून एक प्रथिन वेगळं काढायची माझी धडपड चालली होती. ते साधलं की जेलीच्या पट्टीवर एकच निळी रेघ उमटते. माझ्या पट्टीवर कित्येक महिने नुसते डाग. आता सोडूनच देणार आहे, हेही मी तिथेच बोलून गेले. काकूंनी माझी ओढणी पुन्हा एकदा हुंगली. "अगं, वास सुटलाय म्हंजी शिजतंय की कायतरी! जरा दम धर." सगळे हसले, मीसुद्धा. काल विद्यार्थिनी रडवेल्या आवाजात म्हणाली, "मॅडम, आजपण रेघ नाही आली." मी तिला खुर्ची दिली आणि म्हटलं, "वास तर सुटलाय!"