वारुळाचा पत्ता

गेल्या श्रावणात एका रविवारी सकाळी कडावच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वरकस, भाताला न चालणाऱ्या जमिनीपाशी दोन गाड्या येऊन थांबल्या. आत मुंबईकडची माणसे होती. त्यांच्या फोनमधल्या नकाशावर तिथे एक खूण होती आणि खुणेला ‘रानअळंबी स्पॉट’ असे नाव होते. दुपारी ती माणसे गेली तेव्हा तिथले वारूळ एका बाजूने खणलेले होते.

वर्तमानपत्रातली नोकरी संपवून मी गावी राहायला आलो त्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता. झाला प्रकार मला संध्याकाळी कळला, तोही वरच्या वाडीतल्या एका बाईकडून. त्या वारुळावर दर पावसाळ्यात अळंबी उगवते. जमीन आमची, अळंबी तिची, ही व्यवस्था माझ्या वडिलांच्या वेळची. आधी तिची सासू काढायची, आता ती काढते, सागाच्या पानांत बांधते आणि कर्जतला स्टेशनबाहेर बसून विकते. लावणी संपल्यावर मजुरी नसते. त्या आठवड्यांत तिच्या घरात पैसा येतो तो अळंबीचा.

वारूळ मोडले की अळंबी उगवत नाही. म्हणून इकडे अळंबीची जागा कोणी कोणाला सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. तिने सुनेलासुद्धा अजून दाखवलेली नव्हती. आम्हाला माहीत होती ती जमीन आमची म्हणून.

ती अंगणातच उभी राहिली. बस म्हटले तरी बसली नाही.

“दादा, जागा तुमच्या घरातनं फुटली,” ती म्हणाली. “वाडीत कुणाला ठावकी नाय. मग ऱ्हायलं कोण?”

राहिला होता माझा पुतण्या. तो साजगावला एका कारखान्यात कामाला जातो. आषाढात कुंपण बघायला तो वर गेला होता आणि त्याने काही फोटो काढले होते. एका फोटोत पडलेले कुंपण होते, मागे वारूळ होते आणि वारुळावर अळंबी होती. दोन दिवसांनी फोनने त्याला विचारले की तुम्ही या जागी गेला होता, फोटो इतरांना दाखवायचा का. कंपनीच्या बसची वाट बघत असताना त्याने ‘होय’ दाबले. खुणेला नाव नंतर दुसऱ्याच कोणीतरी दिले.

हे त्याने तिच्यासमोरच सांगितले. आपण काही चुकलो असे त्याला वाटत नव्हते. फोटोत कोणाचा चेहरा नव्हता, नाव नव्हते. “लपवण्यासारखं काय हाय त्यात?” त्याने विचारले. “चोरीचा माल हाय काय?”

“लपवीत नाय रं बाबा,” ती म्हणाली. “सांगत नाय.”

नोकरीत मी बातमी देणाऱ्या माणसाचे नाव कधी फोडले नव्हते. वरिष्ठांनी विचारले तरी नाही आणि पोलिसांनी विचारले तरी नाही. त्या नावांत लपवण्यासारखे पुष्कळदा काहीच नसायचे. ती नावे माझ्या मालकीची नव्हती, एवढेच. खूण काढायला लावायची असे मी त्याच रात्री ठरवले.

पुतण्याने आपला फोटो काढून टाकला. खूण गेली नाही, कारण रविवारच्या पाहुण्यांनी तोवर त्यांचे फोटो चढवले होते. मग तक्रारीचा रकाना उघडला. कारण निवडायचे होते. ‘अशी जागा अस्तित्वात नाही’ हे निवडले तर काम लवकर होईल, असे पुतण्या म्हणाला. मी नकार दिला. जागा अस्तित्वात होती. मी ‘खाजगी मालमत्ता’ निवडले.

नकाशाच्या कंपनीकडून उत्तर आले की मालकीचा कागद आणि ओळखपत्राचा फोटो पाठवा. फोन नंबरही पडताळून घ्या. म्हणजे एक वारूळ नकाशावरून काढण्यासाठी भावाबहिणींच्या नावांसकट सातबारा, माझा चेहरा, जन्मतारीख आणि नंबर द्यायचा होता.

“सातबारा तर कुणालाबी ऑनलाइन दिसतो, काका,” पुतण्या म्हणाला. “आता तुमी काय आख्ख्या दुनियेच्या फोनला नोटीस धाडणार?”

ज्याला बघायचा त्याने शोधून बघावा, मी माझ्या हाताने देणार नाही, असे मी सांगितले. उत्तरात तीन वाक्ये लिहिली. जमीन आमची आहे. कागद देणार नाही. खूण काढा. विनंती नाकारल्याचे कळवण्यात आले. मी तीच तीन वाक्ये पुन्हा पाठवली.

दरम्यान मी पुतण्याला त्याच्या फोनमधली ठिकाणांची नोंद उघडायला लावली. अशी नोंद असते हे त्याला माहीत नव्हते. घर, साजगाव, पेट्रोलपंप, नेरळला मित्राकडे, पुन्हा घर. तारीखवार, वेळेसकट, दोन वर्षांचे. आधी तो हसत होता. “बघा, आपली बायकोसुदीक इतकी पाळत ठेवत नाय,” म्हणाला. मग खोपोलीतला एक पत्ता आला. तो काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा येत होता. त्याने बोटाने तो भाग झटकन वर सरकवला आणि फोन माझ्यापासून थोडा वळवून धरला. मी विचारले नाही.

त्याने ती सगळी नोंद पुसली आणि पुढची बंद केली. कॅमेऱ्याला ठिकाण मिळणार नाही असे केले. कोणकोणत्या ॲपला आपले संपर्क, माइक आणि फोटो बघायची परवानगी आहे ते एकेक करून पाहिले. विजेरीच्या ॲपला संपर्क कशाला हवेत, हे त्याने मला विचारले. त्याने ते ॲप काढून टाकले. माझाही फोन त्याने तसाच करून दिला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तो वाडीत गेला. तिथे ज्यांच्याकडे नकाशाचे फोन होते त्यांना त्याने तीच तक्रार नोंदवायला सांगितली. कोणत्या जागेची, हे वाडीला सांगावेच लागणार होते. म्हणून त्याने आधी तिला विचारले.

“रविवारपासून सगळ्यांनाच ठावकी झालीय,” ती म्हणाली. “आता ती खूण काढायला तरी कामाला येऊ दे.”

भाद्रपद संपायच्या आत खूण नकाशावरून गेली. आमच्या तीन वाक्यांमुळे गेली की वाडीच्या तक्रारींमुळे, हे कळवण्यात आले नाही. कागद आम्ही शेवटपर्यंत दिला नाही.

त्या मोसमात वारुळावर पुन्हा अळंबी आली नाही. भातकापणी लागेपर्यंतचे उरलेले आठवडे ती भिवपुरीच्या बाजूला एका बांधकामावर विटा वाहायला जात होती. खणलेला भाग वाळवीने उन्हाळ्यापर्यंत बराचसा भरून काढला.

यंदा श्रावणात ती सकाळी दारात आली आणि दरवर्षीप्रमाणे सागाच्या पानांची एक पुडी ओट्यावर ठेवून कर्जतला गेली. पुडीत अळंबी होती. ती त्या वारुळावरची की दुसरीकडची, हे आमच्या घरात कोणी विचारलेले नाही.