काकांचा केक मधे का बसतो

आजवर कुणालाही, अगदी बायकोलाही न सांगितलेली एक गोष्ट आज लिहून टाकतो. केक या पदार्थाचा ज्यांच्याइतका अभ्यास अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणी केला नसेल, असे एक गृहस्थ आमच्या शेजारी राहतात. गेल्या चार वर्षांत त्यांचा एकही केक धड जमलेला नाही, आणि त्याला कारण मी आहे.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत छत्तीस वर्षं त्यांनी वाळूचे साचे भरले आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतलं. फोरमन होऊन ते निवृत्त झाले, पण फक्त पगारापुरते. घरात काहीही शिजलं तरी ते त्यांच्या लेखी ओतकामच असतं. इडली पात्रातून निघाली की आधी तिची पाठ तपासतात. आमटीवर फेस आला की वितळलेल्या लोखंडावरची मळी काढल्यासारखा पळीनं बाजूला सारतात. माझ्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा पाळण्याकडे न बघता पाळण्याच्या कड्यांवर नखानं टकटक करून ‘ओतीव न्हाय, पत्र्याची हायती, जपून’ असं सांगून गेले. मी शाळेत कारकून आहे, पण मला ते मास्तर म्हणतात. ‘रोज शाळंत जाताय म्हंजे मास्तरच की,’ हा त्यांचा हिशेब, आणि तो दुरुस्त करायचा नाद मी कधीच सोडून दिला.

केक ते दर रविवारी करतात. त्या दिवशी सकाळी आठ ते अकरा काकू देवळात असतात. त्यांची भक्ती वाढली असं नाही, स्वयंपाकघरात त्यांना जागा नसते. काकांना ओव्हन चालत नाही. पुण्याच्या सुनेनं पाठवलेला ओव्हन खोक्यातून बाहेर आलेला नाही, त्या खोक्यावर हल्ली पेपरची रद्दी ठेवतात. ॲल्युमिनियमच्या मोठ्या पातेल्यात वाळू, वाळूवर केकचा डबा, वर झाकण आणि झाकणावर निखारे, ही जुनी पद्धत. वाळू फौंड्रीतल्या मित्राकडून येते. ती चाळायची, वाळवायची, मुठीत दाबून मूठ उघडायची आणि वाळूवर बोटांचे ठसे कसे उमटलेत ते बघायचं. केकच्या वाळूला ठशांची काही गरज नसते असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, ‘वाळूला ठावं न्हाय मास्तर, वर केक हाय का पंपाची बॉडी हाय.’ मैदा पितळी तराजूत तोळ्यांवर मोजतात, कारण पुस्तकात तोळे आहेत. पीठ डब्यात ओतताना घरात कुणी बोलायचं नाही. गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूससुद्धा दारात सिलिंडर खांद्यावर घेऊन तसाच उभा असलेला मी पाहिलाय. ओतून झालं की त्याला आत बोलवून गेल्या रविवारचा तुकडा देतात आणि मत विचारतात.

‘मस्त हाय की काका,’ तो म्हणाला.

‘मस्त ही काय तपासणी झाली व्हय पावणं? मधी बसलाय. दिसत न्हाय?’

केक निवला की बोटाच्या पेरानं ठोकून कान देतात, मग बरोबर मधून कापून भिंगातून बघतात आणि वहीत नोंद करतात: अमुक नंबरचा केक, आच किती, वाळू कशी, मधे किती बोटं बसला. शेवटच्या रकान्यात दर रविवारी एकच शब्द असतो, ‘रिजेक्ट’. लोखंड निवताना आक्रसून मधे खड्डा पडतो, म्हणून साच्यावर जादा लोखंडाचा उंचवटा ठेवतात, त्याला रायझर म्हणतात. काकांनी केकलाही रायझर लावून पाहिला. कागदाचा कोन करून त्यात जादा पीठ भरलं आणि तो मधोमध उभा केला. कोन भाजला, पीठ कच्चं राहिलं. पुढच्या रविवारी त्यांनी मधे स्टीलचा पेलाच उभा केला. केक गोल भोकाचा झाला आणि मधे बसला नाही, कारण मधे काही नव्हतंच. आठवडाभर ते खुशीत होते. मग आक्कांनी त्या भोकात बोट घालून विचारलं, ‘हितलं कुठं गेलं?’

आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, कोडोलीला असतात, वय नव्वदीच्या घरात. पुस्तक त्यांचंच. मास्तरणीच्या ट्रेनिंगला कोल्हापुरात होत्या तेव्हा त्यांनी ते जुन्या बाजारातून घेतलं, तेव्हाच त्याला वेष्टण नव्हतं आणि पहिली काही पानं गेलेली होती. म्हणून पुस्तकाचं नाव काय, कुणी लिहिलं, हे आजतागायत कुणालाच माहीत नाही. काकांना फौंड्रीत नोकरी लागली त्या दिवशी आक्कांनी त्यातला साधा केक केला होता, वेलदोडा घातलेला, वर काही नसलेला. काकांनी खाल्लेला तो पहिला केक. पुढं आक्कांची नजर गेली, हात कापायला लागले, तेव्हा त्यांनी पुस्तक भावाच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, ‘एकदा त्यो केक मला करून घाल.’ काकांचा सगळा खटाटोप या एका वाक्यासाठी आहे.

आता माझं. चार वर्षांपूर्वी काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि पुस्तकातला बारीक टाईप दिसेना. माझं अक्षर बरं आहे, शाळेतले दाखले मीच लिहितो. काका पुस्तक पंच्यात गुंडाळून घेऊन आले. ‘केकचं तेवढं पान मोठ्या अक्षरात उतरून द्या मास्तर. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय मी ह्याला.’ मी पुस्तक टेबलावर ठेवलं, आज लिहू, उद्या लिहू करत आठ दिवस घालवले, आणि नवव्या दिवशी त्याच टेबलावर माझा चहा सांडला. नेमका त्याच पानावर. पुसलं तर कागद पिठासारखा सुटायला लागला. घरात कुणी नव्हतं. मी इस्त्री काढली.

शाळेत एवढी वर्षं काढलेल्या माणसानं जुना कागद इस्त्रीनं वाळवायला घेतला. वास आला तेव्हा मी इस्त्री उचलली. पान होतं, पण मधे बशीएवढा तपकिरी डाग पडला होता आणि डागाच्या मध्यावर भोक. मैदा, साखर, लोणी, अंडी वाचता येत होती. बेकिंग पावडरची ओळ गेली होती. ते पान मी एकदाच वाचलं होतं, आणि पावडर चहाचा एक चमचा की दोन, हे काही केल्या आठवेना. रकाना मोकळा सोडायचा नाही ही माझी नोकरीतली सवय. मी ‘दोन’ लिहिलं. दाट काळ्या शाईत, सुबक, मोठ्या अक्षरात सगळं पान उतरवलं आणि जळक्या पानावर खळीनं नीट चिकटवून टाकलं. जुनं पान तुटायला आलं होतं म्हणून वर चिकटवलं, असं सांगून पुस्तक परत दिलं. काकांनी ते उघडलं, माझं अक्षर डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाले, ‘आता काय बी चुकायचं न्हाय.’ त्यानंतर गल्लीत ज्याला त्याला ते सांगत सुटले की मास्तरांनी पुस्तकाचा जीव वाचवला.

सुटायची संधी मला मिळाली नाही असं नाही. पावडर जास्त झाली की केक आधी फुगतो आणि मग मधे बसतो, हे बायको बोलता बोलता सहज म्हणून गेली. त्या रविवारी मी काकांकडं गेलो आणि जमेल तितक्या बेफिकीर आवाजात म्हणालो, ‘काका, पावडर एकच चमचा घालून बघा की.’

त्यांनी तराजू खाली ठेवला. ‘मास्तर, पुस्तकात किती हाय?’

‘दोन.’

‘लिवलंय कुणी?’

‘मीच.’

‘मग? छत्तीस वर्षं काम केलं, कास्टिंग चुकलेलं लई बघितलं, ड्रॉइंग चुकलेलं न्हाय बघितलं. ड्रॉइंगला हात लावायचा न्हाय. चूक हाताची असती.’

त्यांनी दोन चमचे सपाट करून घातले. एवढंच म्हणायचं होतं की हे ड्रॉइंग चुकलंय काका, मी चुकवलंय. मी म्हणालो, ‘बरोबर आहे तुमचं.’ आणि ओतायची वेळ झाल्यामुळे आम्ही दोघंही गप्प झालो.

महिन्यातून एकदा काका केक डब्यात घालून एसटीनं कोडोलीला जातात. एकदा मीही गेलो होतो. आक्कांनी मधोमध बोट दाबून पाहिलं, तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ घोळवला.

‘कसा हाय?’ काकांनी विचारलं.

‘चांगला हाय.’

‘पर?’

‘पर काय. त्यो न्हवं ह्यो. पुस्तकात बघून केलास न्हवं?’

‘अक्षर न् अक्षर.’

‘मग तुझा हात चुकतोय बाळ.’ असं म्हणून त्या माझ्याकडं वळल्या. ‘आन् पावणं, तुम्ही का गप? घ्या की आणि एक तुकडा.’

मी घेतला. परतीच्या एसटीत काका खिडकीशी बसून स्वतःचा उजवा हात उलटसुलट करून बघत होते.

गेल्या रविवारी सकाळी शेजारून चाळणीचा आवाज आला नाही. साडेनऊला मी गेलो तर काकू घरात होत्या, आणि काका अंगणात वाळू पसरत होते, खड्डा बुजवायला. म्हणाले, ‘बंद केलं मास्तर. आक्काला फोन करून सांगितलं, आता न्हाय जमायचं. हात गेला माझा. पंच्याहत्तरीला जायाचाच की.’ आक्का काय म्हणाल्या, मी विचारलं. ‘असू दे म्हणाली.’ मग आत जाऊन त्यांनी पंच्यात गुंडाळलेलं पुस्तक आणलं आणि माझ्या हातात दिलं. ‘तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. तुमच्याएवढं कोण जपणार न्हाय ह्याला.’ काकूंनी चहा आणला. मी तो बशीत ओतून प्यायलो आणि पुस्तक घेऊन घरी आलो.

ती ओळ मी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधली आहे, वाचनालयांत शोधली आहे. नाव नसलेलं पुस्तक कोण काढून देणार. ती आता माझ्याच्यानं परत होईल असं वाटत नाही. पण आक्का अजून आहेत, आणि एक चमचा कमी घालून बघायला एक रविवार पुरतो. काका हे वाचतीलही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते सगळं वाचतात. तरी वाचून कळणं आणि मी सांगणं यांत फरक आहे, हे मला कळतं. तुमचा हात कधीच गेला नव्हता काका, पान मी जाळलं होतं, हे त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं मी त्यांचं देणं लागतो.